मानेमागचा हूक

१४ जून

धाकट्या,

तुझी लेक पळून आलेली नाही. हे आधी डोक्यातून काढ. पळून येणारी माणसं ट्रंक, छत्री आणि इस्त्री घेऊन येत नाहीत. भर दुपारी टॅक्सीतून उतरली, टॅक्सीवाल्याशी हुज्जत घातली आणि ट्रंक स्वतः उचलून आत आणली. सगळ्या गल्लीने बघितलं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. सातवीत शाळा सुटलेली बाई मी, चुका निघतील. त्या काढत बस, पण शेवटपर्यंत वाच.

चर्चच्या मंडळीत तू सांगितलंस म्हणे, लेक आत्याकडे हवापालटाला गेली. हवापालट! माझ्या दुकानाला खिडकी एकच, आणि ती शेजारच्या लाँड्रीच्या वाफेवर उघडते. पाळक माणसाने खोटं बोलायचं तर जरा पटेल असं तरी बोलावं. सरळ सांग ना, की लेक सेमिनरीत गेली, पदवीच्या वरची मोठी पदवी घेणार आणि बापासारखी पाळक होणार. जीभ झडणार नाही तुझी.

तू तिला काय बोललास ते ती सांगत नव्हती. मी खणून काढलं. "पुलपिटावर बाई उभी राहिली की लोक उपदेश ऐकत नाहीत, बाईकडे बघत बसतात." अरे, इतकी वर्षं लोक तुझ्याकडे बघतच बसले होते ना? उपदेश कोण ऐकत होतं? मी तुझी सख्खी बहीण, माझीसुद्धा पहिल्याच मुद्द्याला मान पडायची.

आणि वर म्हणालास, "झगा पुरुषाचा असतो." हे मला सांगू नकोस. झगे मी शिवते. आपल्या पंथातल्या निम्म्या पाळकांच्या पाठी माझ्या टेपखालून गेल्यात. काळं कापड असतं, दोन बाह्या असतात, मानेमागे एक हूक असतो. पुरुष त्यात मागाहून घुसतो.

हुकाचं तर तूच आठव. आपल्याकडे झगा मागून का बंद होतो? आपले बाबा पाळक होते तेव्हा सांगायचे, पुलपिटावर जाणाऱ्याने एकट्याने तयार होऊ नये. घरातल्या कुणाचा तरी हात पाठीला लागावा, म्हणजे डोक्यात हवा जात नाही. तुझा हूक आधी मी लावला. मग भावजय लावायची. ती गेल्यावर या पोरीने लावला, स्टुलावर चढून, जीभ दातात धरून. हुकाची कडी खाली असते आणि झगा खुंटीला टांगायची कडी तिच्या जरा वर. पोरीने एकदा हूक टांगायच्या कडीत अडकवला आणि तू अख्खी उपासना एका बाजूची कॉलर कानापर्यंत चढवून काढलीस. घरी येऊन तिला किती बोललास! पाळकाची लेक, आणि एक हूक धड लावता येत नाही म्हणे.

तेव्हा बाईचा हात चालला. तोच हात आता बाहीत घातला तर पंथ बुडतो?

ती माझ्याकडे राहील. खाण्यापिण्याचं, फीचं विचारू नकोस. माझी मशीन चालू आहे.

कळावे वगैरे लिहीत नाही. कळलं नसेल तर पुन्हा वाच.

तुझी ताई


२ डिसेंबर

धाकट्या,

उत्तर नाही. बरं. माझं कुठे अडलंय?

लेक बरी आहे. विचारलं नाहीस तरी सांगते. सकाळी जुन्या भाषांचे तास असतात, इब्री आणि ग्रीक. उजवीकडून डावीकडे काहीतरी घोकत चहा ढवळते आणि साखर घालायला विसरते. वर्गात ही एकटीच मुलगी. त्यामुळे सराव असला की आई हीच, विधवा हीच, नवरीपण हीच.

परवा बाप्तिस्म्याचा सराव होता. खरं बाळ कोण देणार या पोरांच्या हातात? म्हणून रबराची बाहुली. एका दाढीवाल्याची पाळी होती. भांड्यातलं गरम दूध सांडेल की काय, तशी त्याने बाहुली धरलेली. पाण्याकडे वाकला आणि बाहुलीचा पाय निखळून याच्या हातात आला. म्हातारे सर डोळे मिटून बसले होते, त्यांना कळेना काय झालं ते. तर आपली बाई आईच्या जागेवरून म्हणते, "पाळकसाहेब, पाय राहू दे, नाव तरी ठेवा!"

सरांनी वर्गाबाहेर काढलं. पण तासानंतर तिने त्यांना गाठून सांगितलं, की पुढच्या वेळी आई दुसऱ्या कुणाला तरी करा, मला पाळकाची पाळी पाहिजे. आता दाढीवाला आई होतो. चांगली आई होतो म्हणते.

उपदेशाचा सराव ती माझ्या दुकानात करते. समोर झगे टांगलेले असतात, त्यांनाच मंडळी समजते. मी मशीन चालवत असते. आमचं ठरलंय, मी काही बोलायचं नाही; मशीन थांबली तर उपदेश चांगला. महिनाभर काही थांबली नाही. मागच्या आठवड्यात थांबली. ती बोलायची राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, दोरा तुटला.

सकाळी कॉलेजला जाण्याआधी ती माझ्या सुयांमध्ये दोरे ओवून उशीला टोचून ठेवते. मला दिसत नाही असं नाही. वेळ वाचतो.

तू शनिवारी उपदेश कुणाला वाचून दाखवतोस रे आता? ती सांगत होती, "पप्पा, हे तुम्ही मागच्या वर्षी सांगितलं होतं," असं म्हटलं की तू चिडायचास आणि मग गुपचूप पान बदलायचास. आता तिकडे कुणी म्हणतं का असं? की चाललंय जुनंच दळण?

तुझी ताई


१९ ऑगस्ट

धाकट्या,

वर्षाने उत्तर आलं, तेही एका ओळीचं. "तिला सांग, घराचं दार उघडं आहे, झग्यासाठी नाही." वा! दाराला हे कळतं का, कोण कशासकट आलं ते?

मी तिला दाखवलं नाही. तिने कपाटावरून काढून वाचलं. दिवसभर इस्त्री करत बसली, माझ्या गिऱ्हाइकांच्या इस्त्री झालेल्या कपड्यांनाही.

दुसरं वर्ष आहे तिचं. या वर्षी सेमिनरीवाले हॉस्पिटलात पाठवतात. आजाऱ्यांजवळ बसायचं, धीर द्यायचा, प्रार्थना करायची, आणि मग काय केलं ते मार्गदर्शक सरांना सांगायचं. पहिल्याच आठवड्यात हिला एक म्हातारी मिळाली. बाई जायच्याच वाटेवर होती, सगळ्यांना माहीत. ही खुर्ची ओढून बसली, पुस्तक उघडलं. म्हातारी म्हणाली, "ते ठेव. माझी नखं वाढलीत, पांघरुणात अडकतात. कापतेस?" हिने नर्सकडून कात्री आणली आणि नखं कापली, हातांची, मग पायांची. म्हातारी तेवढ्यात झोपली.

सर म्हणाले, "प्रार्थना राहिली."

ही म्हणाली, "सर, त्यांनी नखं कापायला सांगितलं. प्रार्थना सांगितली असती तर प्रार्थना केली असती."

सरांनी मार्क कापले. मी म्हटलं, कापू देत, त्यांच्याकडे कापायला दुसरं आहे काय. पण ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, "सर अगदीच चूक नाहीत, आत्या. मी घाबरले होते. कात्री मिळाली म्हणून सुटले." मला हे आवडलं नाही, पण तुला सांगते. तुझी पोर उगाच भांडत नाही. तुझ्या-माझ्यासारखी नाही ती.

म्हातारी गेली. तिचा मुलगा वॉर्डात विचारत आला, "ती नखंवाली कुठाय? आईला तीच पोचवू दे." अंत्यविधी मोठ्या पाळकांनी केला, हिला हक्क नाही अजून. पण मुलाने हिला पहिल्या रांगेत बसवलं. तेव्हापासून त्या हॉस्पिटलात तिचं नाव नखंवाली पडलंय. खालच्या मजल्यावर औषधांच्या गोदामाशेजारी प्रार्थनेची खोली आहे, तिथे दर रविवारी उपासना हीच घेते. बायका येतात, पुरुष येतात. बघत बसतात की ऐकतात, ते मी काही तपासलेलं नाही.

तू बरा आहेस ना? खोकला? विचारायचं म्हणून विचारते.

ताई


७ मार्च

धाकट्या,

आज चौकशी नाही. जे केलंस त्याबद्दल लिहिते.

तिसरं वर्ष संपत आलं, पदवी तिला मिळणार. परीक्षेचं सोड, त्यात ती कुणाला ऐकत नाही. पण नुसत्या पदवीने पाळक होता येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दीक्षेआधी मंडळीने उभं राहून म्हणावं लागतं, की ही आमची, हिला पुढे पाठवतो. तिची मंडळी म्हणजे तुझी मंडळी. सेमिनरीने विचारलं, आणि तू सगळ्यांच्या आधी उठून म्हणालास, "माझ्या मंडळीतून नाही." मग कुणाची हिंमत आहे पाळकासमोर हात वर करायची? मला तुझ्या सेक्रेटरीनेच फोन केला.

"माझी मंडळी" म्हणालास. बाबा कधी "माझी" म्हणाले नव्हते.

पोर घरी आली. कप विसळले. मग पलंगाखालून ट्रंक ओढली आणि कपडे भरायला लागली. मी जाऊन ट्रंकेवर बसले.

"आत्या, ऊठ."

"नाही."

"पदवी आहे ना. कुठल्या तरी शाळेत शिकवेन. पप्पांना पण तेच हवंय."

"तुझ्या पप्पांना काय हवंय ते त्यांनाच कळत नाही, तुला कुठून कळणार? लहानपणी शर्टात कैऱ्या लपवायचा आणि म्हणायचा, पोट दुखतंय म्हणून फुगलंय."

"आत्या, माझा झंपर अडकलाय झाकणात."

"अडकू दे. मी उठत नाही. गुडघे दुखतात."

हसली मग. रडलीसुद्धा, पण ते तुला कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी मी तिच्या प्रिन्सिपॉलकडे गेले. भला माणूस, पण प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतो. मी म्हटलं, घसा नंतर साफ करा, आधी मार्ग सांगा. तर नियमात आणखी एक वाट निघाली. उमेदवाराने जिथे वर्षभर सेवा केली, ती मंडळीही उभी राहू शकते. म्हणजे हॉस्पिटलातली प्रार्थनेची खोली. पण प्रिन्सिपॉलना शंका, ती मंडळी म्हणायची का? तिथले लोक आज येतात, उद्या डिस्चार्ज घेऊन जातात.

त्यांनी हॉस्पिटलच्या मेट्रनला बोलावून घेतलं. ती म्हणाली, "येतात-जातात तर सगळ्याच मंडळ्यांमधले. आमच्यातले निदान बरे होऊन जातात."

रविवारी हात वर झाले. मी होते तिथे. हो, होते. गुडघ्यांमुळे मी उपासनेला जात नाही हे खरं, पण त्या दिवशी चालले गुडघे. कुणी वॉर्डातल्या गाऊनमध्ये, कुणी कुबडीवर. एकाच्या उजव्या हाताला सलाईन लावलेलं, त्याने डावा वर केला. बायकोने स्टँड धरून ठेवला. लिफ्ट चालवणारा लिफ्ट उघडी टाकून आला होता, वरच्या मजल्यावरून लोक ओरडत होते, तरी हात वर होईपर्यंत हलला नाही. मागच्या बाकावर एक म्हातारे झोपले होते, ते जागे झाले आणि म्हणाले, "कशाला हात वर करायचा?" शेजारचा म्हणाला, "नखंवालीला पाळक करायचंय." म्हातारे म्हणाले, "मग ती आहे कोण इतके दिवस?"

मला मत नव्हतं. मी ना पेशंट, ना नर्स. तरी केला हात वर. मेट्रनने तो मोजला नाही, पण खाली करा असंही म्हणाली नाही.

तेव्हा ऐक. तुझं "नाही" तुझ्यापाशी ठेव. तिची मंडळी तिला मिळाली. दीक्षा मे महिन्यात आहे.

ताई


२२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पार्सल पोचलं. आत तुझा झगा, आणि वर चिठ्ठी, "हूक काढून पुढे बटणं लावणे." बस. ताई नाही, नमस्कार नाही. मी तुझी बहीण आहे की रस्त्यावरचा रफूवाला?

झगा मी टेबलावर पसरला. कॉलरच्या मागे भोकं आहेत, सेफ्टीपिनेची. एक ठिकाण नाही, सगळीकडे. खांद्याची शिवण उसवली आहे, हात मागे नेऊन नेऊन. अस्तराला डाग आहे, पिन टोचून रक्त आलं असणार. तीन वर्षं हा उद्योग चाललाय होय? बंद खोलीत एकटा उभा राहून, पाठीमागे हात करून, मग बाहेर येऊन लोकांना सांगणार एकमेकांचं ओझं वाहा म्हणून!

सेक्रेटरीला सांगायचं होतंस, हूक लाव म्हणून. नाही सांगितलंस. कुणी विचारलं असतं, लेक कुठे आहे?

आता माझं उत्तर. शिवण घातली. भोकं रफू केली. हूक काढला नाही. बटणं लावणार नाही. बाबांचा हूक आहे तो, पुढे आला की झगा कुठल्याही कारकुनाच्या कोटासारखा होईल. तो मागेच राहील. आणि झगा पोस्टाने परत येणार नाही. इथे खुंटीला टांगून ठेवलाय, तिच्या नव्या झग्याशेजारी. दोन्ही काळे, दोन्ही मागून बंद होणारे.

तिचा झगा मी शिवला, एवढं सांगून ठेवते. छाती, खांदा, सगळं नव्याने कापलं. पुरुषाच्या मापात बाई कोंबलेली नाही. काळ्या कापडावर काळा दोरा, त्यामुळे जरा वेळ लागला. मेची तारीख मागच्या पानावर लिहिली आहे. उपासनेआधी दीक्षा घेणाऱ्याच्या घरातला मोठा माणूस हूक लावतो, ही रीत तुला माहीत आहे. मी आहेच. पण मी आत्या आहे, बाप नाही.

आलास तर आधी तुझा हूक मी लावीन. पुढे कुणाचा कुणी लावायचा ते तू बघ.

नाही आलास तर तुझ्या मंडळीपुढे पिना लावून उभा राहा. मला काय.

ताई


३० मे

धाकट्या,

जेवायला थांबला नाहीस. गाडीची वेळ म्हणालास. तुझ्या गावची गाडी संध्याकाळी असते हे मला माहीत नाही असं वाटलं का तुला? असो. आलास ना. मी तोंडावर काही बोलले नाही आणि आताही लिहिणार नाही.

फक्त काय झालं ते तुला कळायला हवं. तू मागच्या बाकावर बसला होतास, तुला पुढून दिसलं नसेल.

तू त्या मागच्या खोलीत आलास, माझ्याकडे पाठ करून उभा राहिलास. मी हूक लावला. मान बारीक झालीय तुझी. मग तू तिच्यामागे गेलास. ती हलली नाही. हूक बोटांत धरून कडी शोधत होतास, मी बघत होते. वेळ लागला तुला. बाहेर ऑर्गन सुरू झाला आणि ती निघाली.

धाकट्या, तू हूक टांगायच्या कडीत अडकवलास.

डावीकडची कॉलर कानापर्यंत. तशीच ती गेली. प्रिन्सिपॉल दोनदा घसा साफ करून स्वतःच्या कॉलरला हात लावत राहिले, इशारा म्हणून. दाढीवाला हातवारे करत होता. मी पुढे होऊन नीट करायला गेले, तर तिने मान आक्रसून घेतली आणि हळूच म्हणाली, "हात लावू नकोस, आत्या."

तशीच गुडघे टेकून बसली. मोठ्या पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले, तेव्हाही कॉलर वाकडीच. तशीच पुलपिटावर चढली आणि बोलली. बघत बसलेले मला कुणी दिसले नाहीत. तू सांग, मागच्या बाकावरून काय दिसत होतं? काय ऐकलंस? मला विचारशील तर मी काही ऐकलं नाही, माझं लक्ष त्या कॉलरकडे होतं. रुमाल काढला होता तो घामासाठी.

आता एक सांगते आणि पुन्हा सांगणार नाही. चूक निम्मी माझी. टांगायची कडी मी जरा जास्तच खाली शिवली. काळ्यावर काळं, मला दिसत नाही आता. दोरे ती ओवते ते वेळ वाचवायला नाही. तुलाही दिसलं नसणार. चष्म्याची काच जाड झालीय तुझी, ते मी बघितलं. आपण दोघं डोळे गेलेली माणसं एका हुकाशी झटत होतो. तिचा झगा हा माझा शेवटचा. पुढचे लाँड्रीवालीची सून शिवेल, बरी शिवते.

तुझ्या झग्याचं तू काही बोलला नाहीस, घालूनच गेलास. हूक मागेच आहे, लक्षात असू दे. तिकडे लावायला कुणाला सांगायचं ते ठरव. सेक्रेटरी चांगला माणूस आहे. नाहीतर इथे ये. शनिवारी आलास तर रविवारी तिची उपासना असते, खाली, गोदामाशेजारी. वॉर्डातला गाऊन घालून ये असं म्हणत नाही.

काल रविवार होता. हॉस्पिटलच्या त्या खोलीबाहेर तिने झगा चढवला आणि माझ्याकडे पाठ केली. मी बोटांनी चाचपून खालची कडी शोधली, बरोबर शोधली.

"वरच्या कडीत, आत्या."

मी म्हटलं, "अगं, वाकडी दिसशील."

म्हणाली, "दिसू दे."

ताई